वाळुंजाच्या गाठीतला गडू

लेथ विकून टाकायचा, असं मुलानं जाहीर केलं तेव्हा कातारीणकाकू चहात बिस्कीट बुडवत होत्या. बिस्कीट तुटून कपात पडलं. काकूंनी ते चमच्यानं शोधून काढलं, खाल्लं आणि मगच तोंड उघडलं.

"कुणाचा लेथ?"

"आई, तुझाच. गेल्या खेपेला कातताना वाडगा निसटला तो पत्र्याला भोक पाडून गेला. तिथं तुझं डोकं असतं तर?"

"पत्रा वाचला असता," कोपऱ्यातून काका म्हणाले. काका म्हणजे काकूंचे यजमान. निवृत्त झाल्यापासून त्यांनी बायकोच्या कामावर शेरे मारायची नवी नोकरी धरली होती, आणि तिथं ते एकही रजा घेत नव्हते.

काकूंनी उभा जन्म लाकूड कातलं होतं. वाडगे, डबे, खुर्च्यांचे पाय, काय म्हणाल ते. हल्ली हात जरा थरथरायचा, तेवढं त्यांनाही कबूल होतं. पण लेथ गेला तर सकाळी उठायचं कशासाठी, हे काही त्यांना पोराला समजावता येईना. मग त्यांनी पैजच लावली.

"एक गडू करते. पोट मोठं आणि तोंड दोन बोटं जेमतेम जातील एवढं. आत बारका दिवा सोडला की सगळ्या अंगातून सारखा उजेड झिरपला पाहिजे. कुठं जाड, कुठं पातळ निघाला तर लेथ तुझा."

असा गडू आतून कोरायचा म्हणजे डोळे मिटून सुईत दोरा ओवायचा. हत्यार आत जातं, नजर जात नाही. सगळं हाताला कळावं लागतं.

"लाकूड कुठलं घेणार?" मुलानं विचारलं.

"मागच्या वाळुंजाची गाठ."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मऊ पाणचट लाकूड, त्यात गाठ! अगं, सरळ दे ना लेथ उचलून!"

काकूंच्या छोट्या कारखान्याच्या मागून कालवा जायचा. काठावरचं म्हातारं वाळुंज वादळात अर्धं मोडलं होतं, पण खोडावरची गाठ शाबूत होती. कडेवर पोर घेऊन उभं राहावं तशी त्यानं ती धरली होती. अशा गाठीत झाडाचे न उगवलेले कोंब झोपलेले असतात. लाकडाची नस कुठून कुठं वळेल त्याचा नेम नाही. म्हणूनच ती दिसते सुंदर आणि फाटते पटकन.

मुलानं करवत चालवली, काकूंनी गाठ खालून झेलली.

"हलकी वाटते रे."

"आता ती पण खोड काढ."

काकूंनी गाठीचे दोन भाग केले. एक लेथवर चढवला. दुसरा वाळून चिरू नये म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळून बाकाखाली सरकवला.

बाहेरचं अंग कातताना काकूंना स्वतःचंच नवल वाटलं. हात थरथरेना. जिथं पटाशी अडेल असं वाटावं तिथं ती आपसूक वळायची. जणू पलीकडून कुणीतरी अंतर धरून चाललंय आणि आपण फक्त त्याच्या बरोबरीनं चालायचं. सबंध सकाळ काकू गुणगुणत होत्या.

दुपारी लेथ बंद करून त्या चहाला टेकल्या, तर बारीक आवाज येत होता. सर्रर्र... सर्रर्र...

"अहो, काय खाजवताय?"

"मी पेपर वाचतोय."

काकूंनी लेथची पिन काढली, तरी आवाज होता. कीड असेल, त्या म्हणाल्या आणि गडवाला कान लावला.

आवाज थांबला. कुणी दार वाजवल्यावर आपण हातातलं काम थांबवतो, अगदी तसा.

तोंड पाडायला घेतलं तेव्हा पटाशी दोन बोटं आत गेली आणि एकदम मोकळी झाली. पोकळी! गेली पैज, म्हणून काकूंनी कपाळाला हात लावला. मग बोट आत घातलं.

आत गुळगुळीत होतं.

किडीनं खाल्लेलं नव्हे, कुजलेलं नव्हे. हत्यारानं कातलेलं, गोल, सफाईदार.

काकूंनी तोंड तेवढं नीट केलं आणि आत दिवा सोडला. गडू पिकल्या फळासारखा उजळला. कुठं डाग नाही, कुठं सावली नाही. काकांना शेरा सुचला नाही, हीच मोठी पावती.

"हरलो!" मुलगा टाळी वाजवत म्हणाला. "कसं जमवलंस गं?"

आता गप्प बसल्या असत्या तर लेथ राहिला असता. पण दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव सांगणं काकूंच्या जिभेवर येईना.

"आतलं मी केलं नाही. आयतंच होतं."

"झाडात आयता गडू?"

"मग पैज गेली की तुझी," काका म्हणाले. गमतीनं म्हणायला गेले, पण आवाज काही गमतीचा निघाला नाही.

"दुसरा भाग आहे ना," काकू म्हणाल्या. "माझा हात नको त्याला. तूच काप."

मुलानं हसत हसत पोतं सोडलं. चारी बाजूंनी निरखलं. साल अखंड, कुठं भोक नाही, फट नाही. त्यानं करवत लावली.

तुकडे दोन बाजूंना पडले.

आत पोकळी होती. एक बाजू गुळगुळीत. दुसरी अजून ओबडधोबड. मध्ये ढलप्यांचा छोटा ढीग.

मुलानं ढलप्यांना बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.

"आई, कोमट आहेत."

तो पहिला गडू उचलून निरखू लागला. मग त्यानं हळूच विचारलं, "बाहेरचं अंग... ते तूच केलंस?"

"मीच."

"आतलं न बघता? इतकं सारखं?"

"हो रे."

"मग लेथ राहू दे."

एरवी काकूंनी काकांना ओढून गिरकी घेतली असती. पण त्यांची नजर पोकळीतून निघत नव्हती. ओबडधोबड बाजूला एक लांब ढलपी अजून चिकटलेली होती, अर्धी सुटलेली, अर्धी लाकडात.

तिघं बघत असताना ती आणखी एक वळसा वळली.