देवीची मूठ

पौषातल्या त्या पहाटे खडकदुर्गाचा चौघडा वाजला तो धुक्यात बुडूनच. खालच्या आडवली बंदरातून किल्ला दिसत नव्हता, नुसता त्याचा भार डोक्यावर जाणवत होता. आणि एरवी मांडवीच्या कौलांवर कलकलाट मांडणारे बगळे-कुरव आज कुठे गेले होते कोण जाणे.

मांडवी म्हणजे जकातीची कचेरी. तिच्या पायरीवर बंदराचे जकातदार रायाजी प्रभू शाल लपेटून उभे होते. परमुलखातल्या व्यापाऱ्याकडून घेतलेला माल, मग तो रयतेने घेतलेला असो की सरदाराने, शेकडा पाच जकात दिल्यावाचून या पायरीवरून वर गेला नव्हता, त्याला बत्तीस वर्षे होत आली होती. त्यांच्या मनात आज एक बातमी सलत होती. दोन दिवसांपूर्वी कोळ्यांनी सांगितले होते की भुईबेटाच्या आडोशाला फिरंग्यांची सहा गलबते शिडे उतरवून उभी आहेत. किल्ल्याचे हवालदार हैबतराव यांना ते कळवले, तर हैबतराव हसले होते. "कोळ्यांना धुक्यात देवमासेसुद्धा गलबते दिसतात, प्रभू!"

तेच हैबतराव आज पंचवीस हत्यारबंद माणसे घेऊन स्वतः धक्क्यावर आले होते. मस्कतचे गलबत लागले होते आणि त्यातून खजुराच्या करंड्या उतरत होत्या.

"लेकीच्या लग्नाचा खजूर आहे, प्रभू," हैबतरावांनी दस्तक पुढे केले. "जकात माफ. शिक्का पाहून घ्या आणि माल वर जाऊ द्या. करंडी उघडायचे कारण नाही."

शिक्का खरा होता. माफीचा माल उघडणाऱ्या जकातदाराचा हात कलम व्हावा, असा सरकारचा हुकूमही खरा होता. पण रायाजींची नजर हमालांवर गेली. खजुराची करंडी एका हमालाच्या डोक्यावरून जाते. ही करंडी दोघेजण बांबूला अडकवून आणत होते, आणि बांबू वाकला होता.

"माफी शिरसावंद्य," रायाजी म्हणाले. "मात्र देवीची मूठ तेवढी घेतो."

गलबताचा नाखुदा सालेह गोंधळला. तो या बंदरात प्रथमच येत होता. "कसली मूठ?"

"बंदराची रीत आहे, नाखुदा. जकात सरकारची, ती सरकार माफ करू शकते. पहिली मूठ जाखमातेची, ती कोण माफ करणार?"

हैबतरावांच्या कपाळावर आठी पडली. पण धक्क्यावर कोळी होते, हमाल होते, आणि देवीला नाही म्हणण्याची छाती त्यांना झाली नाही. "घ्या, पण वरवरची घ्या!"

"वरचा माल व्यापाऱ्याचा, तळचा देवीचा, अशी म्हणच आहे इथे," रायाजी म्हणाले, आणि रीतीप्रमाणे त्यांनी कोपरापर्यंत हात करंडीत घातला.

मनगटापर्यंत खजूर होता. त्याखाली थंडगार लोखंड लागले. बंदुकीची नळी, तिच्या शेजारी आणखी एक, आणि मधल्या फटीत वीतभर लांबीच्या टोकदार मेखांचा जुडगा. तोफेला जिथे बत्ती देतात त्या कानात अशी मेख ठोकली की तोफ मुकी होते. गावच्या लोहाराकडे या घडवल्या असत्या तर लोहाराने चार ठिकाणी सांगितले असते, म्हणून त्या समुद्रापलीकडून आल्या होत्या. तासाभरात करंड्या वर जाणार, किल्ल्याच्या चौदा तोफा मुक्या होणार, आणि बेटाआडची शिडे उभी राहणार. वर सहाशे माणसे होती, बायकापोरांसह.

त्यांनी एक मेख खजुरासकट मुठीत धरली. हात बाहेर काढला तेव्हा चेहऱ्यावर रेषही हलली नव्हती.

"गोड आहे हो खजूर," ते म्हणाले आणि धक्क्यालगतच्या जाखमातेच्या देवळाच्या सात पायऱ्या चढू लागले.

देवळात भागू गुरवीण ताट घेऊन उभी होती. मूठ ताटात रिकामी झाली तशी ती म्हणाली, "प्रभू, माझी देवी लोखंड कधीपासून खायला लागली?"

"भागू, हळू बोल. दार लावून घे आणि मागच्या वाटेने निघून जा."

भागूने मेखेकडे पाहिले, मग सभामंडपात टांगलेल्या नगाऱ्याकडे. त्या नगाऱ्यावर तीन ठोके म्हणजे बंदर बंद. मग खाडीला साखळी चढे, किल्ल्याचे दरवाजे मिटत, आणि जकातदार स्वतः वर जाऊन सांगेपर्यंत ते हवालदारालाही उघडत नसत. किल्ला हवालदाराचा आणि पाणी जकातदाराचे, अशी वाटणी थोरल्या सरकारांनी उगीच केली नव्हती.

"मी जाते कुठली!" भागू म्हणाली. "देवी एकटी राहील." तिने दार लोटले, अडसर घातला आणि पाठ लावून उभी राहिली.

पहिला ठोका पडला. धक्क्यावर आरडाओरडा उठला. दुसऱ्या ठोक्याबरोबर दाराची फळी फुटली, भागू बाजूला फेकली गेली आणि हैबतराव उपसलेल्या तलवारीनिशी आत घुसले. रायाजींनी तिसऱ्यासाठी टिपरू उचलले होते. तलवार खाली आली. टिपरू आणि ते धरणारा उजवा हात, दोन्ही फरशीवर पडले.

दोन ठोक्यांना काही अर्थ नव्हता. वर कोणी दरवाजा लावणार नव्हते.

रायाजी गुडघ्यावर आले. हैबतराव दुसरा वार करायला वळले, तो भागूने पितळी ताट त्यांच्या तोंडावर हाणले. तेवढ्या क्षणात रायाजींनी डाव्या हाताने टिपरू चाचपले, उचलले, आणि उरल्यासुरल्या बळानिशी नगाऱ्यावर मारले.

धुक्यात वरून दरवाज्यांचा करकराट ऐकू आला.

पुढचे फार लांबले नाही. साखळी चढली. कोळी वल्ही घेऊन धावले, हैबतराव किल्ल्याखालीच अडकले आणि दुपारपर्यंत जेरबंद झाले. धुके विरल्यावर सहा गलबते खाडीच्या तोंडाशी आली. चौदा तोफा बोलल्या आणि गलबतांतली चारच परत गेली. चौकशीअंती हैबतरावांना टकमकाच्या कड्यावरून लोटले. त्यांच्या लेकीचे लग्न त्या साली झाले नाही, नंतरही झाले नाही. तिचा काय दोष होता, हे कोणी विचारले नाही.

रायाजी वाचले. चैत्रात मस्कतचे पुढले गलबत लागले तेव्हा ते पायरीवर होते. त्यांनी डावा हात कोपरापर्यंत करंडीत घातला. नवा नाखुदा चपापून हमालाच्या कानाशी लागला, "देवीला डाव्या हाताने?"

"आमच्या देवीला आता उजव्या हाताचे चालत नाही," हमाल म्हणाला.

रायाजींमागून आलेल्या जकातदारांचे दोन्ही हात धड होते. तरी आडवली बंदरात जोवर गलबते लागत राहिली तोवर देवीची मूठ डाव्या हातानेच निघाली.