घड्याळजींच्या रक्तातली कॉफी

घड्याळजी कोसळले ते दुपारी तीन वाजून सात मिनिटांनी. वेळ पक्की, कारण दुकानातल्या एकशे बारा घड्याळांचं त्याबाबत एकमत होतं. ज्याचं मत वेगळं, ते घड्याळ त्या दुकानात टिकतच नसे. पलीकडच्या गल्लीत एखादं घड्याळ सेकंदभर मागे पडलं, तरी हा माणूस म्हणे झोपेतून दचकून उठायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी इन्स्पेक्टरबाईंना फोन केला.

"म्हातारा थोडक्यात वाचलाय. पण रक्तात कॅफीन इतकं, की चमचा उभा राहील! कुणीतरी मुद्दाम देतंय, असा माझा संशय आहे."

"कॉफीनं माणूस कोसळतो?"

"थोडी घेतली तर डोकं तरतरीत होतं. अती झाली की छाती धडधडते, हात कापतात, उगाचच भीती वाटत राहते. त्यात झोप उडाली, की आठवणही दगा देते. गेले सहा महिने वडील विसरायला लागलेत, असं मुलगी म्हणते."

घर दुकानाच्या वरच होतं. घड्याळजींच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, दार उघडलं. इन्स्पेक्टरबाई टेकतात न टेकतात तोच कॉफी समोर आली. कडक, वाफाळती.

"काका दिवसातून किती कप घेतात?"

"दोन. सकाळी एक, चारला एक. तिसरा मागितला तरी मी देत नाही."

"करतं कोण?"

"मीच. दुसऱ्या कुणाच्या हातची त्यांना चालत नाही." काकू हसल्या. "आताशा सुधारलेत हो! कप स्वतः विसळून खुंटीला लावतात. चाळीस वर्षांत कधी बशी उचलली नव्हती."

तेवढ्यात मुलगी तरातरा आत आली. काकू स्वयंपाकघरात गेल्या.

"आईला काय विचारताय? मामाला विचारा! त्याला दुकान हवंय. बाबांना वेडं ठरवलं की काम झालं."

"बाबा काय काय विसरले?"

"गॅस चालू राहिला. नळ वाहत राहिला. किल्ली फ्रीजमध्ये सापडली."

"त्यांनीच केलं हे?"

"ते स्वतःच कबूल करतात ना, 'मीच विसरलो' म्हणून. मी त्यांना माझ्याकडे नेणार आहे. आई राहील इथेच. दोघांना ठेवायला माझ्याकडे जागा नाही."

मामा खाली दुकानात होते. इतक्या घड्याळांमध्ये बसून सगळीकडे उशिरा पोचणारा जगातला एकमेव माणूस.

"कॉफी मीच आणतो, बाई. ताई म्हणते संपली, मी आणतो. पूर्वी डबा महिनाभर पुरायचा. आता आठवडाही जात नाही. मी म्हटलं, ताई, हॉटेल काढलंस की काय? तर हसलीसुद्धा नाही."

"तुम्ही पिता?"

"छे! मी चहावाला."

"आणि भाची?"

"ती महिन्यातून एकदा उगवते. माझ्यावर ओरडायला."

जिन्यावर पावलं वाजली. काकू ट्रे घेऊन खाली आल्या.

"अहो बाई, आल्यापासून काहीच घेतलं नाहीत. कॉफी तरी घ्या."

इन्स्पेक्टरबाईंनी कप निमूटपणे घेतला आणि वही मिटली.

दुपारी सगळे दवाखान्यात जमले. काकूंना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. घड्याळजींचे हात चादरीवर थरथरत होते.

"कोण आहे तो?" मुलीनं विचारलं. नजर मामावर.

"हेच." बाईंनी खाटेकडे पाहिलं. "काका स्वतः."

त्यांनी वही उघडली.

"काकू कॉफी देतात. अर्ध्या तासानं दिल्याचं विसरतात आणि पुन्हा करतात. म्हणून डबा आठवड्यात संपतो. मलाही त्यांनी दोनदा दिली, आणि दुसऱ्यांदा देताना पहिली त्यांना आठवत नव्हती. उष्टे कप दिसले तर त्यांना कळेल, म्हणून काका कप विसळून टाकतात. गॅस, नळ, किल्ली, हे सगळं काकूंचं. ह्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं. किती कप होतात, काका?"

"काल तीनपर्यंत अकरा."

"नको म्हणायचंत ना, बाबा!"

"म्हटलं होतं. एकदाच. 'आत्ताच दिलीस की,' असं म्हणालो. ती कपाकडे बघत उभी राहिली. पोरी, तो चेहरा मला पुन्हा बघवला नसता."

"मग बेसिनमध्ये ओतायची, भाऊजी!" मामा कळवळून म्हणाले.

"कशी ओतणार? कप संपेपर्यंत ती समोर बसते. बोलते. जन्मभर मी खाली डोळ्याला भिंग लावून बसलो आणि ती वर एकटी. आत्ता कुठे आम्ही बसायला लागलोय."

मुलीनं तोंडावर हात दाबला. ती चुकीच्या माणसाला न्यायला निघाली होती, आणि जिला सांभाळायचं तिलाच मागे ठेवणार होती.

"कुणालाच नेऊ नकोस," घड्याळजी म्हणाले.

"दुकान मी बघतो," मामा म्हणाले. "वेळेवर उघडतो. तुम्ही वर बसा, ताईजवळ."

"अकरा?"

दारात काकू उभ्या होत्या. किती वेळ, कुणास ठाऊक.

त्या येऊन खाटेच्या कडेला बसल्या. नवऱ्याचा थरथरता हात त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला.

"सांगायचंत ना हो मला. आता मी आणली, तर 'झाली' म्हणा. दर वेळी म्हणा. मला वाईट वाटेल, वाटू दे. तेही मी विसरेन."

घड्याळजींनी मान डोलावली. मुलगी खिडकीकडे तोंड करून रडत राहिली. मामा उगाचच चष्मा पुसत राहिले. नर्स आली, नाडी मोजून गेली.

मग काकू उठल्या, पदर सारखा केला.

"बसा हं सगळे. ह्यांची कॉफी राहिलीच आज. खालच्या कँटीनमधून घेऊन येते."

"झाली," घड्याळजी म्हणाले.

काकू थबकल्या. वळल्या. चेहरा हळूहळू उतरत गेला.

घड्याळजी तो शेवटपर्यंत बघत राहिले.