आयडाचा पेला

त्या साली ओहायोतल्या आमच्या गावात कुणी 'आयडा' म्हणून हाक मारली, की चार अंगणांतून चार पोरी धावत यायच्या. नावांचीही टोप्यांसारखीच फॅशन असते. मी गावची सुईण. निम्म्या आयडांची नाळ मीच कापलेली.

थॉर्नबर्गांकडच्या दोन आयडा मात्र चर्चमागे पुरलेल्या होत्या. गेलेल्या लेकराचं नाव पाठच्याला द्यायची आमच्याकडे रीतच आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला खटकत होतं ते वेगळंच. दोघीही हिरड्या सुजल्यावर, दात यायच्या आतच गेल्या. दोघींना दूध पाजायची ती त्यांची आत्या द्रुसिला, नाव कोरलेल्या चांदीच्या पेल्यातून.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. बाटल्यांवर आहे. रडकी पोरं गप्प करायची अफूची गोड औषधं तेव्हा सर्रास मिळायची.

तिसरी मुलगी झाली तेव्हा त्यांच्या आईने, अल्मायराने, माझा हात सोडला नाही. "हेस्टरमावशी, ही तरी माझ्यापाशी राहू दे," ती म्हणाली.

द्रुसिला खिडकीपाशी पेला पुसत बसली होती. नावाचं विचारलं तर म्हणाली, ते पेल्यावर आहेच. पाणी आणायच्या निमित्ताने मी तिचं कपाट धुंडाळलं. कापूर, लवंगा, सुया. बाटली नाही. परत येऊन तिच्या हातचा पेला घेऊन हुंगला, नुसता दुधाचा वास. मग काठावरून बोट फिरवलं, तर बारीक खाचा लागल्या. दातांच्या.

"थोरल्या दोघींच्या असतील," तिला बोलतं करायला मी म्हणाले.

"त्यांना शेवटची आंघोळ कुणी घातली, हेस्टर?"

मीच घातली होती. दोघींच्या हिरड्या कोऱ्या होत्या.

"मग मला कशाला विचारतेस?" द्रुसिला म्हणाली. तिने पेला माझ्या हातून काढून घेतला. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

पुरावा काही नव्हता, म्हणून अल्मायराला मी एकच सांगितलं, नाव बदल, म्हणजे तो पेला हिच्या वाट्याला येणार नाही. बारशाला पाद्रीबाबांनी नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, "विनिफ्रेड." बायकांत कुजबुज झाली. द्रुसिला उठून बाहेर गेली. पेला मी शालीखाली घालून घरी आणला. नावाचा पेला आमच्यात कुणी वितळवत नाही, म्हणून धुतला, पुसला आणि फडताळात उपडा ठेवला.

विनिफ्रेडला दात आले. माझ्या बोटाला कडकडून चावली, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी रडले.

पुढे माझी लेक कोरा आपली तान्ही मुलगी दाखवायला आली. अजून बारसं व्हायचं होतं. बाळ माझ्या मांडीवर देऊन ती कप काढायला स्वयंपाकघरात गेली.

"अगं आई, कधी करून घेतलास हा पेला?" आतून ती हसत म्हणाली. "आणि तुला कसं कळलं? आम्हीही आयडाच ठरवलंय. हल्ली सगळेच ठेवतात."

"कोरा, तो खाली ठेव."

ती पेला घेऊन दारात आली. आपली ओली बोटं पाहत होती.

"धुवायचा तरी," ती म्हणाली. "दूध अजून कोमट आहे."