बोटभर आखूड

मॅडमनी दोन बाण जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, दोन्हींच्या मागच्या खाचा एका रेषेत आणल्या आणि हात मागे घेतला.

एक बाण दुसऱ्याहून चांगला बोटभर आखूड होता.

"हा लांब आहे ना, तो तुझा गेल्या वर्षीचा," मॅडम तिला म्हणाल्या. शाळेत असल्यापासून त्याच तिला धनुर्विद्या शिकवत आल्या होत्या आणि आज दवाखान्यातून घरी घेऊन आल्या होत्या त्याही त्याच. "क्लबच्या कपाटात राहून गेला होता. आणि हा आज तुझ्या भात्यातून काढला. त्यातले सगळे असेच आहेत. कापले कुणी?"

तिचा डावा पंजा मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत पट्टीत होता. अंगठ्याच्या बुडाशी घुसलेल्या कार्बनच्या कुसळ्या डॉक्टरांनी भिंगातून बघत एकेक करून उपसल्या, तेव्हाही ती रडली नव्हती, कारण चूक आपलीच असं ती मनाशी ठरवून बसली होती. आता मात्र तिने दाराकडे पाहिलं. जगात तिचे बाण कापणारा माणूस एकच होता, आणि तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता: तिचे वडील, अण्णा.

अण्णांचं चौकटींचं दुकान होतं. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे अंगण. फोटो, चित्रं, आरसे, जे येईल त्याला ते चौकट करत. त्यांच्या हातच्या चौकटीच्या कोपऱ्यात नख शिरत नसे. मुलीच्या हाती पहिलं धनुष्य आलं तेव्हापासून तिचे बाणही त्यांच्याच बारीक चक्रीवर कापले जात. त्या कामात त्यांची कधी चूक झाली नव्हती.

"मीच कापले," अण्णा म्हणाले.

आईच्या हातातला पाण्याचा पेला टेबलावर जरा जोरातच टेकला. "अहो, चुकून कापले असतील. चुकून ना?"

"नाही."

सकाळपासून जे घडलं ते तिला तेव्हा आठवलं नाही, ते जणू पुन्हा तिच्या अंगावरून गेलं. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा मैदानावरचा पहिला दिवस. लक्ष्य अगदी जवळ, हातात हलकं धनुष्य, मागे मॅडम. धनुष्यावर बाणाशेजारी पोलादाची एक पातळ पट्टी असते, क्लिकर म्हणतात तिला. बाणाचं टोक तिच्याखालून मागे सरकलं की ती टक् करून वाजते, आणि ताण पुरा झाला, आता सोड, असं सांगते. आज ती पट्टी वाजली, पण नेमकी त्याच वेळी मॅडमनी तिच्या पाठीवर दोन बोटं ठेवून म्हटलं, "इथून उघड, इथून..." आणि वर्षभर गंजल्यासारखं अडून बसलेलं काहीतरी आत सरकलं. दोरी आणखी मागे आली, पूर्वीच्या तिच्या जागी, हनुवटीच्या खाली येऊन टेकली. त्या स्पर्शाने ती इतकी हरखली की पट्टी केव्हाच वाजून गेली आहे हे तिच्या ध्यानीच राहिलं नाही. बाणाचं टोक आधाराच्या तारेवरून मागे निसटून मुठीच्या आतल्या बाजूला पडलं. दचकून तिची बोटं सुटली. मग बाण फुटल्याचा आवाज झाला, आणि पंजातून काहीतरी गरम वाहू लागलं.

"मी तिच्या खांद्याकडे बघत होते," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "बाणाकडे बघायला हवं होतं. क्लिकरही मागे सरकवलेला आहे, अगदी तारेपाशी. खांदा बरा झाला नसता तर आज काहीही झालं नसतं."

एवढं बोलून त्या उठल्या. जाताना आईच्या खांद्याला हात लावून गेल्या.

"का?" तिने विचारलं. आवाज आपला नसल्यासारखा वाटला तिला.

"टक् वाजत नव्हतं," अण्णा म्हणाले. "तू अंगणात उभी राहायचीस. थरथरेपर्यंत ओढायचीस आणि धनुष्य खाली ठेवून म्हणायचीस, उद्या. मग आत जाऊन नळ सोडायचीस. मला दुकानात तो नळ ऐकू यायचा. एके दिवशी मला तो ऐकवेना."

म्हणजे तो दिवस! पट्टी वाजली म्हणून ती अंगणातून धावत दुकानात शिरली होती, "अण्णा, वाजलं," म्हणाली होती. अण्णांनी गिऱ्हाईक समोर असताना हातातलं काम टाकलं होतं, दुकान ओढून घेतलं होतं आणि तिला तळ्याकाठी फिरायला नेलं होतं. वर्षभराच्या काळोखातला तो एकच उजेडाचा दिवस तिने जपून ठेवला होता... आणि तोही कापून, घासून, टोक चिकटवून तयार केलेला निघाला.

"मी आत धावत आले तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तुम्ही हसलात."

अण्णांनी मान खाली घातली.

आईला एवढ्या वेळात जागेवरून हलायचं सुचलं नव्हतं. आता ती उसळली. "तरी मी म्हणत होते. त्या मेल्या धनुष्यानं आधी पोरीचा खांदा खाल्ला, आता हात खाल्ला. आणि बाप त्याला भरवतोय! उद्याच्या उद्या ते भंगारात—"

"खांदा धनुष्यानं नाही खाल्ला," अण्णा म्हणाले.

"अण्णा, नको," ती म्हणाली.

"बोलू दे, नेमबाई." लहानपणी तिचा खडा कधी चुकत नसे, तेव्हापासून ते तिला या नावाने हाक मारत. "आरसा होता. माणसाएवढा. मी शिडीवर होतो."

"तुम्ही शिडीवर?" आई म्हणाली. "शिडीवर चढणार नाही असा शब्द दिला होता तुम्ही मला."

"दिला होता. वर गेलो आणि चक्कर आली. आरसा सुटला, मीही सुटलो. ही खाली होती. बाजूला सरकली असती तर तिला ओरखडाही आला नसता. पण हिनं उजव्या हातावर तो आरसा पेलला आणि पाठीवर मला. खांद्यात काहीतरी फाटल्याचं मला ऐकू आलं. वर मलाच म्हणाली, अण्णा, आईला सांगू नका, मी सरावात दुखावला म्हणेन."

आई खुर्चीवर बसली. कुणीतरी खाली दाबल्यासारखी बसली. 

"वर्षभर मी हिला बोलले," ती म्हणाली. "तुझा हट्ट, तुझी हौस, तुझं ते मैदान नावाचं सासर. टाके ओले होते तेव्हासुद्धा बोलले. आणि ही ऐकून घेत होती... घरात तीन माणसं. त्यातली दोन एकमेकांना सांभाळत बसली आणि तिसरी येडी लोखंडाला शिव्या देत हिंडली. बरं जमलं हो तुमचं."

मुलीला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. "हाताचं काही नाही, अण्णा," ती म्हणाली. "हात भरून येईल. पण तुम्ही धरूनच चाललात की माझा खांदा परत यायचा नाही. डॉक्टरांना वाटत होतं येईल, मॅडमना वाटत होतं. फक्त तुम्हाला नाही."

अण्णा वळले आणि दुकानात जाऊन अंधारातच बसले.

त्यानंतर घरात माणसं होती, पण घर नव्हतं. अण्णांनी चक्रीला हात लावायचं सोडलं. चौकटींच्या पट्ट्या भिंतीला टेकून धूळ खात राहिल्या. आई दुकानात बसू लागली आणि गिऱ्हाइकांना सांगू लागली, "कापणारा रुसलाय. मोजणारी मी आहे, पण माझ्या मोजण्यावर जाऊ नका." दुपारी जेवणाला तिघं एका टेबलाशी बसत. अण्णा फळाची साल काढून फोडी तिच्यापुढे सरकवत, आणि ती एका हाताने, सालासकट, दुसरं फळ खाई.

एकदा आई अण्णांना दवाखान्यात घेऊन गेली आणि परत आल्यावर तिने औषधाच्या बाटल्या मुलीपुढे ठेवल्या.

"कानाचा दोष आहे. त्यानं चक्कर येते. डॉक्टर म्हणाले, वर्षापूर्वी आणलं असतं तर एव्हाना विसरूनही गेले असते."

मुलीने एक बाटली उचलून लेबल वाचलं.

"तुला बोलायचं नाही म्हणून ठरवलं होतं मी," आई म्हणाली. "खूप बोलून झालंय. पण एक विचारते. बापानं तुझ्यापासून बाण लपवले, तू माझ्यापासून चक्कर लपवलीस. त्यांना खरं सोसणार नाही, मला सोसणार नाही, हे तूही ठरवूनच टाकलं होतंस ना? वर्षभर ते तसेच त्या चक्रीपाशी उभे होते. एखाद्या दिवशी तोल गेला असता तर?"

ती फिरती चक्री, त्यावर वाकलेले अण्णा, आणि आरशाच्या दिवसानंतर रोज त्यांच्या डोळ्यांपुढे गरगरणारं जग... तिने हे कधी डोळ्यांपुढे आणलंच नव्हतं. स्वतःच्या त्यागाकडे बघता बघता ती त्यांच्याकडे बघायचं विसरली होती. ज्या प्रेमाने तिने तोंड मिटलं होतं, त्याच प्रेमाने त्यांनी बाण कापले होते. आणि दोघांनीही समोरच्याला दुबळं ठरवलं होतं.

"बोल काहीतरी," आई म्हणाली.

"काय बोलू? तू नेम बरोबर धरलास."

"कोणाची आई आहे मी," आई म्हणाली, आणि पदराने डोळे टिपून आत गेली.

हाताचे टाके निघाल्यावर ती मॅडमकडून बाणांच्या नव्या, न कापलेल्या नळ्या घेऊन आली. सकाळचं कोवळं ऊन अंगणात उतरलं होतं. ती दुकानाच्या मागच्या दारात उभी राहिली. अण्णा रिकाम्या चक्रीसमोर बसले होते.

"अण्णा, खूण करायला या."

"मॅडमना सांग. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"मॅडम करतील. पण मला तुम्ही हवे आहात."

"बाळा, मी तुझा हात..."

"आणि मी तुमची चक्कर लपवली. या."

ते आले. पेन घेऊन तिच्या डाव्या बाजूला, थोडं मागे उभे राहिले. न कापलेली नळी धनुष्याच्या पुढे खूप बाहेर आलेली असते. धनुष्य पुरतं ताणल्यावर ती मुठीपाशी जिथे येते तिथे खूण करायची, आणि त्या मापावर बाण कापायचा. त्यासाठी ओढणाऱ्याने खरं ओढावं लागतं आणि बघणाऱ्याने खरं बघावं लागतं. तिने श्वास घेतला आणि ओढलं. पंजातली नवी कातडी चरचरली. पाठीतलं ते गंजलेलं दार किंचित कुरकुरलं, पण उघडलं, आणि दोरी हनुवटीखाली आली.

"करा."

अण्णांनी पुढे वाकून पेनाने खूण केली. तिने सावकाश दोरी पुढे सोडली. घामाने तिचा चेहरा भिजला होता.

अण्णांनी नळी उचलून खाचेपासून खुणेपर्यंत मोजली. त्यांचे ओठ हलत होते, आणि ते आता काय सांगतील याची तिला भीती वाटली. ते हसतील, म्हणतील, पूर्वीसारखाच आलाय... तसं म्हणाले तर पुन्हा कधीच त्यांच्या शब्दावर आपला विश्वास बसणार नाही, हे तिला कळत होतं.

"नेमबाई," ते म्हणाले, "पूर्वीइतका नाही आला."

तिचे डोळे भरून आले. ते पहिल्यांदाच तिला हे सांगत होते.

"किती कमी आहे?"

"नखभर. मी कापले होते त्याच्या कितीतरी पुढे आलाय. पण पूर्वीइतका नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग तसे कापा."

दोघं दुकानात आली. आई गल्ल्यावरून उठून दाराशी येऊन उभी राहिली. अण्णांनी चक्रीवरची धूळ पुसली, नळी खाचेत बसवली, खुणेवर डोळा धरला, आणि मग नळी पुढे सरकवली. खूण पात्याच्या मागे गेली.

ती पुढे झाली. "अण्णा, खूण मागे राहिली."

"राहू दे," ते म्हणाले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, कारण डोळे पात्यावर ठेवायचे होते. "तेवढी नखभर लांबी जास्त ठेवतो. खांदा अजून यायचाय."

आणि त्यांनी चक्री सुरू केली.