हमीमच्या अलीकडे सव्वीस किलोमीटर

१९९८च्या फेब्रुवारीत कुशलचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. अकरा वर्षं आखातातल्या अल ऐनमध्ये काढून एप्रिलमध्ये आम्ही पुण्याला परतणार होतो. कुशल, माझा नवरा, रस्त्यांचा इंजिनीअर. वाळवंटातले कितीतरी रस्ते त्यानं ऑफिसच्या गाडीत एसी लावून, काचेतून बघत पुरे करून घेतले. "एकदा पायी जायचंय," असं तो दर हिवाळ्यात म्हणायचा. त्या वर्षी काही म्हणाला नाही, थेट नकाशाच घेऊन आला.

अल क्वा गावाच्या पुढून चालायला लागायचं आणि लिवा या ओअॅसिसच्या पूर्व टोकाला, हमीम गावात थांबायचं. साधारण एकशे तीस किलोमीटर. चालणार कुशल आणि व्हर्नन. व्हर्नन वसईचा, एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला होता आणि दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला असायचा. गाडी माझ्याकडे. जुनी लँड क्रूझर, मागे पाण्याचे कॅन, तंबू, जादा पेट्रोल. तेलकंपन्यांच्या ट्रकनी पाडलेल्या वाटांनी वळसा घालून मी पुढे जायचं आणि जीपीएसवर ठरलेल्या जागी दोघांची वाट बघायची. आमची आभा, वय अकरा, शेजारच्या मिल्ड्रेडकडे राहिली. "डोन्ट गेट लॉस्ट, बाबा," एवढंच ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. जे दिसतं ते वेळेसकट लिहून ठेवायची सवय. तेव्हाची वही माझ्याकडे आहे. सांगते आहे ते तिच्यातूनच.

पहिले सहा दिवस लिहिण्यासारखं काही घडलं नाही. कुशलच्या डाव्या टाचेला फोड आला, तो फुटला, मी पट्टी बांधली. व्हर्ननचं नाक सोललं. सहाव्या दिवशी आम्ही दोन टेकड्यांमधल्या सपाट, खारट जमिनीवर तंबू ठोकला. जीपीएसवर हमीम सव्वीस किलोमीटर दाखवत होतं.

सातव्या दिवशी सकाळी धुकं होतं.

लिवाच्या बाजूला हिवाळ्यात धुकं पडतं, त्यात नवल नाही. नऊ-दहापर्यंत ते उडतं. हे उडालं नाही. दुपारी बाराला बारा पावलांवरची गाडी दिसत नव्हती. तंबूच्या कापडावरून पाणी ठिबकत होतं, वाळू ओल्या पिठासारखी झाली होती. आवाज केला तर तो तोंडापाशीच राहायचा. आम्ही दिवसभर पत्ते खेळलो.

आठव्या दिवशीही तेच. शनिवारी तिघांनाही ड्युटीवर हजर व्हायचं होतं आणि हा गुरुवार होता.

कुशल रोज कपभर पाण्यात दाढी करायचा. त्या सकाळीही केली. हनुवटीवर ब्लेड लागलं म्हणून मी कापूस लावून दिला. मग मी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं. वहीत वेळ आहे, आठ दहा.

"आडोशाला जाऊन येतो," कुशल म्हणाला.

"या धुक्यात आडोसा कशाला हवा?" व्हर्नन हसला.

"दहा पावलांच्या पुढे जाऊ नकोस," मी म्हटलं.

तो गेला. पाण्याला बारीक बुडबुडे धरत होते. मी साखर घातली, चहाची पूड घातली. व्हर्नन टोस्टचं पाकीट फोडत होता. चहाला उकळी यायच्या आतच तंबूचा पडदा बाजूला झाला आणि कुशल आत आला.

त्याला दाढी होती.

एका दिवसाचे खुंट म्हणता येतील अशी नाही. गाल भरलेले, हनुवटीवर पांढरे केस, जखम कुठेच नाही. ओठांची सालपटं निघालेली. नखं वाढलेली. आठवडाभर आम्ही कोणीच अंघोळ केली नव्हती आणि त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. आमच्याकडे नव्हता तसला, स्वस्त गुलाबी साबणाचा.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग गुडघ्यावर बसला आणि माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग व्हर्ननचा.

"कुशल, काय चाललंय यार?" व्हर्नन मागे सरकला.

"आज वार कुठला?"

"गुरुवार," मी म्हटलं.

"तारीख?"

मी सांगितली. त्यानं मान हलवली. चहा उतू गेला, तो कोणी आवरला नाही.

मी त्याची नाडी बघितली. चौऱ्याऐंशी. ताप नव्हता. डाव्या टाचेवरची पट्टी गेलेली होती आणि खाली नवी, गुलाबी कातडी आलेली होती. फोड परवाचा होता. मी हे सगळं लिहून काढलं. लिहिताना मला भीती वाटली असावी, पण अक्षर सरळ आहे.

दुपारी एकला धुकं उठलं. एखाद्यानं चादर ओढावी तसं, पाच मिनिटांत. आभाळ निळंशार.

"परत जाऊ," कुशल म्हणाला. "मागच्या वाटेनं. हमीम नको."

"मागं एकशे चार किलोमीटर आहेत," मी म्हटलं. "पेट्रोल पुढं जाण्यापुरतंच उरलंय. पंप हमीमलाच आहे."

"मग गाडीतून जाऊ."

"सव्वीस किलोमीटर राहिलेत," व्हर्नन म्हणाला. "एवढं चालून आलो ते काय गाडीत बसून जायला? आज दहा, उद्या सोळा. खलास."

कुशलनं बुटांच्या नाड्या आवळल्या. शेवटी म्हणाला, "चालतो. पण उर्मिला, गाडी माझ्या नजरेआड जाऊ देऊ नकोस. आणि तू पुढे जायचं नाहीस. बरोबरच राहायचं."

पुढची वाट सपाटीचीच होती, दोन्ही अंगांना उंच तांबूस टेकड्या. मी पहिल्या गिअरमध्ये, काच खाली करून, त्यांच्या शेजारून चालवत राहिले. ते दोघे चालत होते. खारट पापुद्रा बुटांखाली कुरकुरत होता. दुसरा आवाज नव्हता.

"पुढे निळी टाकी आहे," कुशल अचानक म्हणाला. "प्लॅस्टिकची. उलटी पडलेली."

पाऊण तासानं टाकी दिसली. निळी. उलटी.

"नकाशावर आहे का ती?" व्हर्ननने मला विचारलं. नकाशावर टाक्या नसतात हे त्यालाही माहीत होतं.

त्यानंतर कुशलनं तीन खजुरांची झाडं सांगितली, त्यातलं मधलं जळालेलं. मग तुटकं कुंपण, त्याला अडकलेली लाल चप्पल. व्हर्नन त्याच्या शेजारून सरकून गाडीच्या पलीकडून चालू लागला. संध्याकाळी तो गळ्यातला क्रॉस शर्टाबाहेर काढून झोपला.

कुशलनं मला सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. व्हर्नन गाडीवर सामान बांधत होता.

"तंबू सापडेना. हाका मारल्या. तुम्ही ओ दिली नाहीत. मग धुकं उडालं आणि तुम्ही नव्हता. तंबू नाही, गाडी नाही. मला वाटलं मी भलतीकडे गेलोय. घड्याळाच्या पट्ट्यातल्या होकायंत्रावर हमीमकडे निघालो."

"पाण्याशिवाय?"

"पाण्याशिवाय. संध्याकाळी पोचलो. पंप उघडा होता. कॅफेटेरिया उघडा, मशीद उघडी. ट्यूबलाइटी चालू. काउंटरवर किटली, चहा गरम." त्यानं बुटातली वाळू झटकली. "माणूस नव्हता. एकही नाही. बकरी नाही, माशी नाही. सहा दिवस मी तिथं होतो, उर्मिला. सहाही दिवस तो चहा गरम होता."

"फोन?"

"घरी लावला. रोज. रिंग जायची. मिल्ड्रेडकडे लावला. ऑफिसला लावला. रिंग जायची. सातव्या सकाळी पुन्हा धुकं आलं. म्हटलं, धुक्यातच काहीतरी झालंय तर धुक्यातच परत शिरावं. दोन तासांत तंबू दिसला."

दोन तासांत सव्वीस किलोमीटर होत नाहीत. मी पाण्यात ओआरएसची पुडी सोडून त्याला प्यायला दिली. दुसरं काय करायचं हे सुचलं नाही.

त्या दिवशीचे सोळा किलोमीटर त्यांनी पाच तासांत संपवले. शेवटच्या टेकडीपाशी कुशल थांबला. टेकडीच्या कडेनं गाडीवाट गेली होती, पलीकडे हमीम.

"तू आधी वर जा," तो मला म्हणाला. "वरून सांग काय दिसतं."

मी गाडीतून उतरले. टेकडी चढताना वाळू घोट्याच्या वर येत होती. मागे वळून बघितलं तर तो हातांत टोपी चुरगाळत उभा होता, लहान दिसत होता.

वर पोचले.

पंप होता. कॅफेटेरियाची हिरवी पाटी होती. मशिदीचा मिनार. हिरव्या खजुरांच्या बागा. एक पठाण ट्रकचं चाक बदलत होता. दोन अरबी मुली सायकलवरून भांडत चालल्या होत्या. माणसंच माणसं. मी शिरगणती केल्यासारखी ती मोजली.

"नऊ!" मी ओरडले. "नऊ माणसं आहेत, कुशल!"

तो धावत वर आला. बघितलं आणि मटकन वाळूत बसला. व्हर्ननने त्याला मिठी मारली. आमचं चालणं असं संपलं. फोटो काढायचा कोणाला आठवलं नाही.

कॅफेटेरियाबाहेरच्या कार्डफोनवरून त्यानं आभाला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"डिड यू फिनिश, बाबा?"

"हो."

"व्हाय आर यू क्राइंग?"

त्यानं रिसिव्हर माझ्याकडे दिला. मी सांगितलं, दमलाय.

आत परोठे मागवले. मी हात धुवायला मागच्या बाजूला गेले. तिथं एक बेसिन, वर चुन्याची भिंत. ओल धरलेली. भिंतीवर शिसपेन्सिलीनं मराठीत काहीतरी लिहिलेलं होतं. लिवाच्या टोकाला, मलबाऱ्याच्या कॅफेटेरियात, मराठी.

"उर्मिला, सहा दिवस थांबलो. इथं कोणी नाही. मी धुक्यातून परत येतोय. तू आलीस तर इथंच थांब. — कुशल."

त्याचं अक्षर मी पंधरा वर्षं बघत आले होते. इंजिनीअरचं, ठोकळ्यासारखं.

मालक टॉवेल घेऊन आला. मी हिंदीत विचारलं, हे कोणी लिहिलं?

"मालूम नहीं, मॅडम. दो साल पहले दुकान लिया, तब से है. मैं समझा हिंदी में कुछ गाली है. पेंट करना है, इन्शाल्ला."

"दो साल?"

"ज़्यादा. कम नहीं."

तो गेला. मी हात पुसले. भिंतीवर खालच्या बाजूला, बेसिनच्या कडेला, आणखी दोन ओळी होत्या. त्या मी वाकून वाचल्या.

मग टेबलापाशी येऊन बसले. परोठा खाल्ला. पेट्रोल भरलं, आणि हायवेनं तिघं अल ऐनला परत आलो. एप्रिलमध्ये आम्ही तो देश सोडला.

आता आम्ही कोथरूडला असतो. कुशल ठीक आहे. रिकाम्या घरात थांबत नाही. मला दुकानातून यायला उशीर झाला तर खाली वॉचमनशी बोलत उभा असतो. व्हर्नन दर नाताळाला कार्ड पाठवतो, त्यात हमीमचा उल्लेख नसतो. भिंतीबद्दल मी दोघांनाही काही सांगितलं नाही.

त्या खालच्या दोन ओळी वहीत उतरवून घेतलेल्या आहेत.

"कुशल, अकरा दिवस झाले. तू आला नाहीस. आभा फोन उचलत नाही. मी निघते."

खाली माझी सही आहे. लॅबच्या रिपोर्टवर करायचे तशी, 'उ'ला लांब शेपटी असलेली. अक्षरही माझंच आहे, थोडं थरथरलेलं, म्हातारं झालेलं.

ते मी अजून लिहिलेलं नाही.