पासपोर्ट बोटीवरच ठेवा

तंजावूरच्या जुन्या बस स्टँडसमोर, मिठाईच्या दुकानाच्या माडीवर श्रीकरचं ट्रॅव्हल ऑफिस आहे. दोन टेबलं, चार खुर्च्या, एसीच्या नळीखाली प्लास्टिकची बादली. गेली काही वर्षं इथल्या रिटायर लोकांना क्रूझचं वेड लागलंय. चेन्नईहून बोट निघते, श्रीलंकेच्या बंदरांना लागते, पाचव्या दिवशी परत. तिकीट हातात पडलं की जो तो एकच प्रश्न विचारतो: बंदरावर खाली उतरताना पासपोर्ट बरोबर घ्यायचा की बोटीवरच ठेवायचा?

श्रीकरचं उत्तर तोंडपाठ होतं. बोटीवरच ठेवा. चढताना बोटीचे लोक तो जमा करून तिजोरीत ठेवतात. मागितला तर देतात, पण परक्या बाजारात हरवला तर बसाल बोंबलत. बोटीचं कार्ड गळ्यात, पासपोर्टची झेरॉक्स पिशवीत, झालं. श्रीकर म्हणजे न भाजताच ताक फुंकून पिणारा माणूस. अकरा वर्षांत त्याचा एकही प्रवासी कुठं अडकला नव्हता, आणि याचा त्याला थोडा गर्वच होता.

यंदा त्याच्या अम्मानं, वरलक्ष्मीनं, क्रूझला जायचं काढलं. सदुसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका, सहा वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून गाव सोडून कुठं गेली नव्हती. शाळेतली मैत्रीण विजयलक्ष्मी बरोबर होती, त्यामुळं श्रीकरनं आनंदानं तिकीट काढलं. घरात दोघंच मायलेक. अम्मा चार दिवस मोकळी हवा खाईल याचं त्याला खरोखर बरं वाटलं.

मोडता घातला तो अंबुजाआत्यानं. ही श्रीकरच्या वडलांची बहीण, दोन घरं सोडून राहते. तिनं पंचांग उघडलं. बुधवार उत्तम, शुक्रवार वाईट, आणि गाडी नेमकी शुक्रवारची. यावर आपल्या लोकांकडे जुना तोडगा आहे, प्रस्थान ठेवायचं. चांगल्या मुहूर्तावर आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची, म्हणजे आपण निघालोच असं धरतात. मग प्रत्यक्ष निघताना ती तिथूनच उचलून पुढं जायचं. महाराष्ट्रात आता हे किती जण करतात कोण जाणे. साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे तंजावूरला आलेल्या मराठी लोकांनी मात्र जपलंय.

लोक सुपारी ठेवतात, नाहीतर हळदीच्या तांदळांची पुरचुंडी. श्रीकरनं थट्टेनं म्हटलं, समुद्र ओलांडायचाय तर सुपारीला कोण विचारतो, पासपोर्टच ठेव. अम्माला ते पटलं. जुन्या रेशमी लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून तिनं तो बुधवारी सकाळी आत्याच्या देवघरात ठेवलासुद्धा. आत्याच्या कपाळाला आठी पडली, पण ठेवलेलं प्रस्थान कोणी हलवत नाही. शुक्रवारी पासपोर्ट अम्माच्या हातात देताना आत्या म्हणाली, “वहिनी, प्रस्थान म्हणजे आपणच. तें जेथें, तेथेंच तूं असावीस. उंबऱ्यांत परत येईतों तूं एकीकडे, तें एकीकडे, असें होऊं देऊं नक्को.”

सोमवारी सकाळी विजयलक्ष्मीच्या मोबाईलवरून अम्माचा फोन आला तेव्हा श्रीकरसमोर गिऱ्हाईक बसलं होतं. बोट त्रिंकोमालीला लागली होती. चारपर्यंत सगळ्यांना परत यायचं होतं.

“श्रीकर, मागितला तर देतात म्हणे. अंबुजा बोलली तें मनांत आहे. पासपोर्ट घेऊन उतरूं कां?”

तो जरा करड्या आवाजातच म्हणाला की अम्मा, सगळ्या गावाला मी काय सांगतो ते तुला ठाऊक आहे.

“तूं सांगतोस तर ठेवतें,” अम्मा म्हणाली.

पावणेचारला अनोळखी नंबरवरून फोन आला, श्रीलंकेचा. अम्माच होती. धक्क्याच्या फाटकाशी उभी होती, कुणाचा तरी मोबाईल मागून घेतला होता. फाटकावरचा शिपाई तिचं कार्ड पुन्हापुन्हा यंत्राला लावत होता आणि म्हणत होता की ही बाई कधीच वर गेली, यादीत नाव लागलंय. मशीन बिघडलं असेल, झेरॉक्स दाखव, असं श्रीकर सांगत होता तोच फोन तुटला.

त्यानं विजयलक्ष्मीला लावला. ती बोटीवरून हसून म्हणाली, कसली काळजी करतोस, तुझी अम्मा माझ्याशेजारी चहा पितेय. तिनं फोटोही पाठवला. अम्मा खुर्चीत ताठ बसून सरळ कॅमेऱ्यात बघत होती, न हसता, दोन्ही कान दिसतील अशी. श्रीकरचा जीव भांड्यात पडला.

तरी त्यानं मघाच्या नंबरवर परत फोन केला. एक माणूस तमिळमध्ये बोलला. धक्क्याबाहेर त्याची चहाची टपरी होती. बोट सुटली, तो म्हणाला. अम्मा इथंच बाकावर बसून रडतेय. मधूनमधून काहीतरी बोलते, ते तमिळ वाटतं पण तमिळ नाही.

श्रीकरनं बोटीच्या कंपनीत फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं की मोजणी बरोबर आहे, कोणी मागं राहिलेलं नाही. मग त्यानं कोलंबोतल्या भारतीय वकिलातीत लावला, तिथल्या बाईंनीही तेच ऐकवलं. जी बोटीवर आहे तिला किनाऱ्यावर शोधायचं कसं?

आवाजाची नक्कल करून लोकांना फसवणाऱ्या टोळ्या आहेत, हे श्रीकर पेपरात वाचत होता. त्यानं स्वतःची तशी समजूत घातली. पण फसवणारा शेवटी काहीतरी मागतो. दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता टपरीवरून फोन आला, तिसऱ्या दिवशीही आला, आणि तो आवाज एवढंच विचारत होता की जहाज परत कधी येणार.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं अम्मा उतरली. तेच लुगडं, तीच चाल, हातात पासपोर्ट. विजयलक्ष्मी म्हणाली, प्रवासात फारशी बोलली नाही, दमली असेल. श्रीकरनं रिक्षा बोलावली. तो काही सांगायच्या आत अम्मानं रिक्षावाल्याला मानंबुचावडीचा पत्ता सांगितला, घर नंबरासकट. ते घर त्यांनी सहा वर्षांपूर्वी सोडलं होतं; तिथं आता टायरचं गोदाम आहे. गोदामाच्या शटरसमोर उभी राहून ती दाराची घंटा शोधत राहिली.

मेडिकल कॉलेज रोडवरच्या घरी आणल्यावर ती खुर्चीत बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, “हे अजून आले नाहींत कां?”

दुपारी श्रीकर तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तपासून वयाचं कारण सांगितलं, विश्रांती लिहून दिली. घरी येऊन त्यानं पासपोर्ट उघडला. आठ वर्षांपूर्वीचा. नवऱ्याचं नाव, आईवडलांची नावं, मानंबुचावडीचा पत्ता, जन्मतारीख एक जून. सकाळपासून अम्मा जे काही बरोबर बोलली होती ते या पानांवर होतं. पानांवर जे नव्हतं ते तिला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी आत्या आली, पण फाटकाच्या आत आली नाही. खिडकीतून दिसणाऱ्या अम्माकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

“प्रस्थान घरीं आलें,” ती श्रीकरला म्हणाली. “वहिनी कोठें आहे?” आणि लगेच पुढं म्हणाली, “तें उचल आणि तिच्याकडे ने. आजच जा.”

त्रिचीहून कोलंबोचं विमान होतं. श्रीकरला तिकीट काढायला पाच मिनिटं लागली असती. पण आधी खात्री करावी, असं त्याला वाटलं. खात्री न करता तो आयुष्यात एक पाऊल चालला नव्हता. त्यानं सोमवारचं तिकीट काढलं.

शुक्रवारी चारला फोन आला तेव्हा त्यानं विचारलं, तुझा खरा जन्म कधीचा? पलीकडची अम्मा रडता रडता हसली. “चैत्रांतला, चित्रा नक्षत्र. एक जून मास्तरांनी शाळेंत लिहिलें.” तो तसाच आत गेला आणि घरातल्या अम्माला तेच विचारलं. ती म्हणाली, एक जून. त्यानं चिडून खरा महिना, खरं नक्षत्र सांगितलं. ती अंगणवाडीतल्या मुलीसारखी लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं ते शब्द हळूच म्हणून पाहिले.

शनिवारी त्यानं फोनवर डांगर कसं करतेस ते विचारलं. पीठ कधी कालवायचं, फोडणीत हिंग आधी की मोहरी, सगळं तिनं सांगितलं. मग सहज त्यानं जन्माचं पुन्हा विचारलं.

“माझा जन्म?” आवाज अडखळला. “कोठें तरी लिहिलेला होता, श्रीकर. आतां ध्यानांत येत नाहीं.”

फोन ठेवून तो वळला. घरातली अम्मा दारात उभी होती. चैत्रातल्या वाढदिवसाला तिची आई कोणतं पायसम करायची, ते ती आपणहून सांगू लागली. ते श्रीकरनंही कधी ऐकलं नव्हतं.

आता त्याला कळलं. एकेक प्रश्न विचारून तो तिकडचं इकडे आणत होता. तो फार घाबरला. त्यानं बॅग भरली, पासपोर्ट मागितला, तर तिनं तो लगेच, हसून हातात दिला. रात्रभर त्यानं एक शब्दही काढला नाही.

रविवारी सकाळी तिनं कॉफी आणून ठेवली. साखर कमी, दूध जास्त, त्याला हवी तशी. ती समोर बसली आणि थोडा वेळ वाट पाहिली.

“आज कांहीं विचारत नाहींस?” ती म्हणाली.

तो उठून गॅलरीत गेला. चारपर्यंत थांबायचा धीर नव्हता; त्यानं स्वतःच टपरीचा नंबर लावला. चहावाला खुशीत होता. अम्मा आज बरी आहे, म्हणाला. रडत नाही, जहाजाचं विचारत नाही, बायकोला कांदे चिरून देतेय. त्यानं फोन तिच्याकडे दिला.

श्रीकर घाईघाईनं बोलला. अम्मा, मी उद्या येतोय. पासपोर्ट घेऊन येतोय. माझं चुकलं, अम्मा.

मागं किटलीचं झाकण वाजत होतं.

मग ती बोलली. तमिळमध्ये, टपरीवर आलेल्या परक्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, आदरानं.

“तुम्हाला कोण हवंय, तंबी?”

त्यानं नाव सांगितलं. तिचं पूर्ण नाव.

“असं इथं कोणी नाही,” ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

स्वयंपाकघरात फोडणी तडतडली. आधी हिंगाचा वास आला, मग मोहरीचा.

“श्रीकर, ताट वाढलेंय रे,” अम्मानं हाक मारली. अडतीस वर्षं ऐकलेला आवाज, त्यात आता काहीच कमी नव्हतं.

त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटली. गॅलरीत उभ्याउभ्याच त्यानं मोबाईलवर सोमवारचं तिकीट रद्द केलं. कारण विचारणारा रकाना त्यानं रिकामाच सोडला.

मग हात धुऊन तो जेवायला बसला. डांगर अगदी अम्माच्या हातचं झालं होतं. त्यानं ते दुसऱ्यांदा मागून घेतलं.