कोणता तुकडा कुणाचा

मार्चमध्ये हिमकडा कोसळला, त्यात माझा भाऊ रेमी गाडला गेला. सापडला नाही. त्या दिवसापासून त्याची पोर आपोलिन एक अक्षर बोलली नव्हती. दहा महिने. म्हणून जानेवारीतल्या एका बुधवारी तिला आणि तिच्या आईला, सोलांजला, घेऊन मी सकाळच्या बसनं गावाहून खाली ग्रनोबलला, डॉक्टरकडे आलो.

डॉक्टरनं वीस मिनिटांत वाटेला लावलं. "वेळ द्या," म्हणाला. वेळ! स्वतः वीस मिनिटं देऊन वर हा शहाणपणा.

परतीची बस चारला होती. नदीकाठच्या एका खानावळीत शिरलो. खिडकीबाहेर तारेवरचे काचेचे गोल पाळणे किल्ल्याकडे रिकामेच चढत होते. मी गालेत मागवली, बदामाचं सारण भरलेली, भट्टीत भाजलेली गोल खुसखुशीत पोळी. जानेवारीतल्या सणाची ही गालेत कापायची तर घरातल्या सगळ्यात लहानानं टेबलाखाली बसायचं आणि कोणता तुकडा कुणाचा ते खालून सांगायचं. वरच्यांनी वाकून बघायचं नाही. लहानपणी मी एकदा वाकलो होतो, तर बापानं थोबाडीत दिली होती.

"कशाला, गास्पार?" सोलांज कुजबुजली. "ती बोलणार नाहीये. उगाच तमाशा."

"मग मीच सांगतो. सगळ्यात मोठा माझा."

ती जरा हसली. आपोलिन बाकावरून उतरली. टेबलावरची चादर हलली. मी पहिला तुकडा कापला.

"हा कुणाचा?"

"आईचा."

सोलांजनं तोंडावर हात दाबला. आवाज पोरीचाच. जरा घोगरा, इतकंच. मी दुसरा तुकडा कापला.

"आणि हा?"

"काकाचा."

"काका खादाड आहे ना?" मी विचारलं.

"काका दमला. काकानं तिसऱ्या दिवशीच फावडं टाकलं."

घोट्यांना गार वारा लागला.

"गास्पार," सोलांज म्हणाली, "तू पाच दिवस खणलं म्हणाला होतास."

मी सुरी खाली ठेवली.

"वर येऊ?" खालून आवाज आला.

"ये ना, राणी, ये!" सोलांज रडत म्हणाली.

मागच्या हात धुवायच्या खोलीचं दार उघडलं. आपोलिन बाहेर आली, ओले हात कोटाला पुसत. ओठ घट्ट मिटलेले.

मी चादरीकडे बघितलं. वाकलो नाही.

पोर बाकावर चढली. खाली एकदा नजर टाकली आणि आईकडे सरकून पलीकडे जागा केली.

तिथली गादी हळूच दबली.